काळ्या पाण्यावरील विवाह : स्त्रीची सुटका की दुसरी शिक्षा?

चर्चाप्रस्ताव

काळे पाणी म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आठवते. ते १९०६ साली बांधून पूर्ण झाले. पोर्ट ब्लेअरची वसाहत मात्र १८५८ पासूनची, आणि तेथे जन्मठेपेच्या स्त्रियाही होत्या. त्यांचा तुरुंग साउथ पॉइंटला वेगळा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नियमांप्रमाणे पाच वर्षे काढल्यावर स्त्रीला विवाहाची परवानगी मिळू शके. वर म्हणजे 'सेल्फ सपोर्टर', अर्थात शिक्षेची बरीच वर्षे भोगून स्वतःच्या कमाईवर बाहेर राहण्याची मुभा मिळालेला कैदी. विवाहितेला पंधरा वर्षांनी नवऱ्यासह वसाहत सोडता येई, अविवाहितेला वीस वर्षे थांबावे लागे. ज्या होकाराला पाच वर्षांची सूट बांधलेली आहे, त्याला मी संमती म्हणू शकत नाही. ही दुसरी शिक्षाच होती, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. ती स्त्री कोठून आली होती, हे आधी पाहावे. जोतीराव फुल्यांनी १८८४ साली काशीबाईची हकिकत लिहून ठेवली आहे. त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणारी ही तरुण ब्राह्मण विधवा एका शास्त्रीबुवापासून गरोदर राहिली, त्याने हात वर केले, तिने मूल मारून घरामागच्या विहिरीत टाकले आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. शास्त्रीबुवाला काय झाले? काहीच नाही. पुण्यात तिला कोणी पुन्हा उंबरा ओलांडू दिला असता का? ज्या समाजात विधवेला दुसरा संसार हेच पाप होते, तेथून हाकललेल्या स्त्रीला अंदमानात चूल, नवरा आणि उजळ माथ्याने वाढवता येणारी मुले मिळत असतील, तर तो संसार तिच्यापुरता खराच होता. 'लोकल बॉर्न' समाज, म्हणजे कैद्यांच्या अंदमानातच जन्मलेल्या वंशजांचा समाज, अशाच घरांतून उभा राहिला.

प्रतिसाद २

काशीबाईवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य, परंतु तेवढ्याने सरकार दयाळू ठरत नाही. सरकारला स्त्रिया हव्या होत्या, कारण पुरुष कैद्यांची संख्या कितीतरी पटींनी जास्त होती आणि संसारात अडकलेला कैदी शांत राहतो, असा त्यांचा हिशेब होता. स्त्रियांना ओळीने उभे करीत आणि परवानगी मिळालेला पुरुष त्यांतून बायको निवडी. नकार देण्याचा हक्क कागदावर होता. पण नकार देऊन जायचे कोठे, तर त्याच तुरुंगात.

प्रतिसाद ३

वहाबी खटल्यात काळ्या पाण्याची शिक्षा झालेले मुहम्मद जाफर थानेसरी १८६६ मध्ये अंदमानात पोहोचले, तेथेच त्यांनी कैदी स्त्रीशी विवाह केला आणि १८८३ मध्ये ते बायकामुलांसह परतले. त्यांच्या आठवणी वाचून तो संसार बळजबरीचा होता असे वाटत नाही.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

आठवणी थानेसरींच्या आहेत, त्यांच्या पत्नीच्या नव्हेत. माझी सारी तळमळ तेथेच आहे.

प्रतिसाद १ मधील मुद्द्याने मात्र मला माझे वाक्य बदलावे लागेल. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे तिची जन्मठेप झाली आणि नंतर तीही पाच वर्षांवर आली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीलाच दोष दिला जात असताना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला छापील उत्तर दिले. म्हणजे पहिली शिक्षा न्यायालयाच्याही आधी घरात होत होती. अंदमानातील विवाहाला दुसरी शिक्षा म्हणण्याऐवजी मी तिसरी म्हणेन.

त्याच नियमांतील आणखी एक अट पाहा : तिची पंधरा वर्षे भरली, पण नवऱ्याची शिक्षा संपलेली नसेल, तर तिलाही थांबावे लागे. स्वतःचा गुन्हा फेडून झालेली स्त्री त्यापुढची वर्षे कोणाच्या गुन्ह्यासाठी तेथे राहत होती, याचे उत्तर प्रतिसाद १ आणि ३ लिहिणाऱ्यांनी द्यावे.