शोधनिबंध छापला, पुढे काय?

शोधनिबंध नामांकित नियतकालिकात आला की सरकार दखल घेतंच, असं काही संशोधकांना वाटतं; मला ते पटत नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेचा घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावं, नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. देशभर कार्यक्रम सुरू व्हायला २०११ उजाडलं! मधल्या काळात हेच काम इतर ठिकाणीही करून दाखवावं लागलं. अधिकाऱ्याला नेमकं हवं असतं: कोण, कधी, किती पैशांत. या कार्यक्रमात ते असं ठरलं: दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, सगळ्या भेटींचा मिळून मोबदला २५० रुपये, इतकं स्पष्ट. तुमच्या संशोधनावरचा प्रस्तावही असाच, दोन पानांत, मराठीत लिहा आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आत द्या. मार्चमध्ये नेलेली फाइल वर्षभर पडून राहते.