फुल फेस हेल्मेट: मीडियम गालाला दाबतंय, लार्ज आरामात बसतंय, कुठलं घेऊ?

मसाईवाला
नमस्कार मंडळी. मसाई पठारावरनं खाली यायच्या वाटा वर्षभर साध्या हेल्मेटवर मारतोय, मागच्या रविवारी ओल्या जांभ्यावर पुढचं चाक सरकलं आणि हनुवटी दगडावर आपटली, ३ टाके. आईनं सांगितलंय, तोंड झाकणारं हेल्मेट आण नाहीतर सायकल विकून टाक. डोक्याचा घेर ५८ सेमी. मीडियम घातलं की गाल इतके दाबतात की बोलताना आतनं चावले जातायत, लार्ज मस्त बसतंय आणि दुकानदार म्हणतोय लार्जच घ्या. दादा म्हणतोय मोटारसायकलचं घरात पडलंय की, तेच घाल. काय करू?

घाटउतार
भावा लार्ज अजिबात घेऊ नकोस. नवीन असताना गाल दाबलेच पाहिजेत, गालाचे पॅड थोड्या राइड्सनंतर बसतात आणि दुकानात मस्त वाटलेलं लार्ज दोन महिन्यांत डोक्यावर फिरायला लागतं. पण कपाळ किंवा कानशिलं दुखत असतील तर तो आतला कडक थर्माकोल आहे, तो सैल होत नाही, म्हणजे त्या कंपनीचा आकारच तुझ्या डोक्याचा नाही (कुणाचं डोकं गोल असतं, कुणाचं पुढं-मागं लांब), मग दुसरी कंपनी बघ. दुकानात २० मिनिटं घालून बस, लाजू नकोस. पट्टा आवळून मान हलव, हेल्मेटबरोबर गालाची कातडी हलली पाहिजे. मग कुणाला तरी मागची कड धरून वर, पुढच्या बाजूला ढकलायला सांग, डोळ्यावर आलं किंवा निघालं तर ठेवून दे. हनुवटीची पट्टी आत दाबल्यावर तोंडाला लागता कामा नये, हे तुझ्यासाठी लई महत्त्वाचं.

पन्हाळा_पेडल
दादाचं ऐकू नको. आयएसआयचं आयएस ४१५१ हे मानक मोटारसायकलच्या हेल्मेटसाठी आहे, ती हेल्मेटं जड असतात आणि हवा कमी, पन्हाळ्याचा चढ मारताना जीव गुदमरतो. सायकलच्या फुल फेसमध्ये आतलं स्टिकर वाच, एएसटीएम एफ१९५२ हवं, ते डाउनहिलचं (डोंगरउतारावर सायकल मारायचं) मानक आणि त्यात हनुवटीच्या पट्टीची पण टेस्ट होते. नुसतं ईएन १०७८ (साध्या सायकल हेल्मेटचं युरोपियन मानक) असेल तर त्यात ती नसते.

रंकाळा_रायडर
गॉगल घेऊन जा दुकानात! मी नेला नव्हता, घरी आल्यावर कळलं की फ्रेम नाकावर दाबतीय. लांब केस असतील तर अंबाडा घालून माप घेऊ नका, मी वेणी खाली सोडते. आणि एकदा आपटलेलं सेकंडहॅंड कुणी स्वस्तात दिलं तरी नको, थर्माकोल एकदा दबला की संपला, वरनं काही दिसत नाही.

मसाईवाला
आज परत गेलो. मीडियमच घेतलं, डब्यात गालाचे पातळ पॅड पण होते, ते लावल्यावर चावणं थांबलं. दादानंच मागनं ढकलून बघितलं, हललं नाही. पट्ट्याला दोन रिंगा आहेत, त्या कशा ओवायच्या?

घाटउतार
दोन्ही रिंगांतनं पट्टा काढ, मग बाहेरच्या रिंगवरनं मागं वळवून फक्त आतल्या रिंगमधनं घे आणि ओढ. टोकाचं बटण असतं ते पट्टा फडफडू नये म्हणून, नुसतं तेवढं लावून निघू नकोस.