अनुभव धागा : पानगळीच्या पानांचं खत तुम्ही कसं करता?

पुण्यात आमच्या सोसायटीत बदामाची चार झाडं, दोन मोठे पर्जन्यवृक्ष आणि कडेने सोनमोहर. माघात पानगळ सुरू होते ती पार होळीच्या पुढे जाते, रोज झाडायचं आणि रोज नवा ढीग. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते ढीग पहाटे गेटबाहेर पेटवले जायचे, सासऱ्यांना दमा आहे, त्या दिवसांत आम्ही खिडक्या लावून बसायचो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांत मनाई आहे हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, सगळे हो म्हणाले, मग प्रश्न आला की एवढी पानं ठेवायची कुठे. शेवटी मागच्या भिंतीशी कोंबडीजाळीचा चार फूट रुंद गोल पिंजरा उभा केला आणि पानं भरत गेले.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. मे महिन्यात उकरलं तर आतली पानं जशीच्या तशी, कोरडी ठणठणीत, हातात घेतली की कुडकुड मोडायची. फार वाईट वाटलं. कारण साधं होतं, मी वरून झारीने पाणी शिंपडायचे आणि बदामाचं पान मेणचट, त्यावरून पाणी घरंगळून खाली जायचं. दुसऱ्या वर्षी पानं आधी टबात रात्रभर भिजवली, आणि बदामाचा एक थर, पर्जन्यवृक्षाच्या बारीक पानांचा एक थर असं केलं (ही बारीक पानं फार लवकर कुजतात, त्यांनी ढीग धरून ठेवला), मधेमधे शेणाचं पाणी आणि आंबट ताक. चार दिवसांनी हात घातला तर आत गरम! दसऱ्याला चाळून सहा पोती निघाली, काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तसा वास.

तुमच्याकडे कुठली पानं पडतात, काय चुकलं, काय जमलं, सगळं लिहा. छोटं असलं तरी चालेल.

ठाणे, गच्चीवरची बाग

माझ्याकडे झाडच नाही, मी पानं गोळा करून आणते, खालच्या रस्त्यावर पिंपळ आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत दोन वर्षं करत होते आणि दोन्ही वर्षं वास, चिलटं, शेजारच्या काकूंची नाराजी. मग एका ताईंनी सांगितलं की तुझ्यात सुकं कमी पडतंय. आता एक डबा ओला कचरा टाकला की वर तीन डबे चुरलेली पानं, हे कधीही चुकवायचं नाही. वास गेला तो गेलाच. ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर, सुक्या पानात कर्ब (कार्बन) भरपूर, दोन्ही मिळून साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र पडला की कुजणं नीट चालतं, पण मी मोजत बसत नाही, मुठीत दाबून बघते, पिळलेल्या फडक्याइतकं ओलसर लागलं आणि पाणी गळलं नाही की बरोबर. फेब्रुवारीत वर्षभराची पानं पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवते, पावसाळ्यात सुकं पान कुठून मिळणार.

कुडाळ

आम्ही ह्याला पातेरा म्हणतो. आजी पहाटे आंब्याफणसाखालचा पातेरा हिरकुटाच्या झाडूने ओढून टोपलीतून गोठ्यात न्यायची, गुरांच्या खाली पसरायची. शेणमूत त्यात मुरायचं, सकाळी ते सगळं उचलून खड्ड्यात. आंब्याचं पान चिवट असतं, नुसतं ठेवलं तर वर्ष उलटलं तरी शिरा तशाच राहतात, पण गोठ्यातून आलेलं पुढच्या लावणीपर्यंत तयार. आता गुरं नाहीत म्हणून मी शेण विकत आणतो, पाण्यात कालवून थर देतो. इथे पाऊस एवढा की उघड्या ढिगातला सगळा कस वाहून जातो, म्हणून मे संपायच्या आत वर माडाच्या झावळांचे झाप घालायचे आणि भोवती चर काढायचा. झाडाखालचा सगळाच पातेरा उचलू पण नका, कलमाच्या आळ्यात वीतभर राहू दे, एप्रिलच्या उन्हात खालची माती गार राहते. मात्र घरापासून आणि वाटेपासून लांब, वणव्याची भीती असते.

नागपूर

पुण्याच्या ताईंना आलेला अनुभव आम्हाला दरवर्षी येतो, ढीग इकडे टिकतच नाही, पारा ४५ वर गेला की दोन दिवसांत वरून खालपर्यंत सुकून जातो, म्हणून आम्ही खड्डाच करतो, तीन फूट खोल, आंब्याच्या सावलीत, वरून ओलं गोणपाट. पानं सागाची, एकेक पान सुपाएवढं, ती एकावर एक चिकटली की थाळ्यांची चळत होते आणि आत हवा पण नाही पाणी पण नाही, त्यामुळे फाडूनच टाकावी लागतात. कूलरची टाकी आठवड्याला धुतो ते पाणी खड्ड्यात जातं. मृगापर्यंत अर्धं कुजतं, उरलेलं पावसात होतं.

सातारा

एक विचारायचं होतं. माझ्या ढिगात पांढऱ्या, जाड, अंगठ्याएवढ्या अळ्या निघाल्यात, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. हुमणी आहे का? खत कुंड्यांत घालू की नको?

कुडाळ

सातारकर, आसपास माड आहेत का बघा. एवढी मोठी अळी असेल तर गेंड्या भुंग्याची असू शकते. ती मुळं खात नाही, कुजकंच खाते, पण तिचा भुंगा होतो तो माडाच्या कोवळ्या सुयीत, म्हणजे शेंड्यातल्या न उमललेल्या पानात, भोक पाडतो, मग नवी झावळ कात्रीने कापल्यासारखी उमलते. आमच्याकडे खताचा ढीग माडाजवळ असला की हा त्रास ठरलेला. हुमणी मात्र मुळं खाते, कुंडीत गेली तर रोप उभं वाळतं. दोन्ही असल्या तरी उपाय एकच, ढीग हलवताना हाताने वेचायच्या, आम्ही कोंबड्यांना टाकतो. खत चाळल्याशिवाय कुंडीत घालू नका.

न्यू जर्सी

इथे पानगळ ऑक्टोबरात. आधी मेपल रिकामा होतो, ओक मात्र नोव्हेंबर संपेपर्यंत पानं धरून ठेवतो. सगळे जण पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात, गावाची गाडी येऊन नेते, मी पण पाच वर्षं तेच केलं आणि दर वसंतात दुकानातून खताच्या पिशव्या विकत आणल्या. मग मागच्या कोपऱ्यात जाळी लावली. पानांवरून लॉन मोअर फिरवला की तुकडे होतात, दहा पिशव्यांचा माल तीन पिशव्यांत मावतो आणि कुजतो पण लवकर. ओकचं पान अख्खं ठेवलं तर दोन वर्षं धरा. हिवाळ्यात ढीग गोठतो, मार्चमध्ये फावडं मारलं तर आत बर्फाची लादी होती, मला वाटलं सगळं वाया गेलं, पण एप्रिलच्या शेवटी आपोआप पुन्हा गरम व्हायला लागला. नत्रासाठी कॉफीचा चोथा आणि कापलेलं गवत.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तिने त्या मातीत मेथी टाकली. चौथ्या दिवशी उगवली तेव्हा ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याशी जाऊन बसायची. आणखी एक, झुडपांखालची पानं आता मी उचलत नाही, काजव्यांच्या अळ्या हिवाळा तिथेच काढतात. जूनमध्ये अंगणात काजवे दिसतात.

कोल्हापूर

आमचं पान म्हणजे उसाचं पाचट. वडील तोड झाली की पेटवायचे, सगळी शिवारं काळी दिसायची. आता खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसात) सरीत पसरून ठेवतो, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, मग पाणी. तण कमी, पाण्याची पाळी लांबते. बागवाल्यांनी युरिया वापरायची गरज नाही, शेण आहे, पण नत्राशिवाय सुकं पान हलत नाही हे मात्र खरं.

पुणे

सगळ्यांचं वाचतेय, नागपूरच्या गोणपाटाची युक्ती उद्याच करणार. एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशींचं सुरुवातीला कामच वाढलं होतं, पानातून प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या वेगळ्या काढायच्या, पिंजऱ्यापर्यंत पाट्या वाहायच्या, आणि ते आम्ही कुणी विचारातच घेतलं नव्हतं. मग रस्त्याच्या बाजूला प्लास्टिकचा डबा ठेवला, पाटीऐवजी चाकाची गाडी घेतली, आणि पानगळीच्या दोन महिन्यांचे त्यांना वेगळे पैसे ठरवले. सहा पोत्यांतली दोन त्यांनी नेली. दारात पत्र्याच्या डब्यांत गवती चहा आणि मिरच्या लावल्यात, परवा मूठभर मिरच्या आणून दिल्या.