मदत हवी आहे: जुन्या इंग्रजी वजनांची बेरीज जुळत नाही

अनघा_ठाणे
पणजोबा मुंबईत रुईच्या पेढीवर कारकून होते. त्यांच्या हातची वजनाची वही सापडली आहे. वजनं तीन खान्यांत लिहिली आहेत, पहिल्यावर 'सीडब्ल्यूटी', म्हणजे हंड्रेडवेट. त्यातला सी म्हणजे लॅटिनमधलं शंभर, एवढं शोधलं. म्हणून शंभर पौंड धरून बेरजा केल्या, तर एकही जुळत नाही. कुठे ३ चा फरक, कुठे ६ चा. रविवारी घरचे सगळे जमणार आहेत, त्याआधी हे लावायचंच आहे. जरा लवकर सांगा.

गणोबा
आकडे कुठे आहेत? साल? माल लंडन-लिव्हरपूलला जायचा की इथल्याच गिरणीत?

सरकी
रुई म्हणजे खंडी, विषय संपला. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची. आजही रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवरच बोलतात. सगळं खंडीत करून घ्या.

डॅलसकर
हंड्रेडवेट १०० पौंडांचाच असतो. इथे गुरांचे भाव त्यावरच निघतात. तुमची रीत बरोबर आहे, पणजोबांचंच चुकलं असेल.

अनघा_ठाणे
पणजोबांचं चुकलेलं नाही, वहीत एक खाडाखोड नाही. साल १९२६, माल लिव्हरपूलचा. खंडी कुठेच लिहिलेली नाही. तीन गासड्या देते:
३ – २ – ४
३ – १ – २६
३ – २ – ११
खाली बेरीज १० – २ – १३. माझी येते १० – २ – १६.

गणोबा
हे आधी द्यायचं होतं. दुसऱ्या ओळीतला २६ बघा. मधला खाना क्वार्टरचा, म्हणजे हंड्रेडवेटचा पाव भाग. शंभराचा पाव २५, मग शेवटच्या खान्यात २६ राहीलच कसा? त्याचा वर हातचा गेला असता. इंग्लंडचा हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, १४ पौंडांचे ८ स्टोन. क्वार्टर २८ चा. आता पौंड मिळवा: ४१. त्यातून २८ गेले, उरले १३, हातचा १. क्वार्टर ६ झाले, त्यांचा १ हंड्रेडवेट आणि २ क्वार्टर. १० – २ – १३. तुम्ही २५ ने हातचा घेत होता, म्हणून दर हातच्याला ३ चा फरक.
डॅलसकर, तुमचा शंभराचा अमेरिकेत. तिथला टन २००० पौंडांचा, इंग्लंडचा २२४०. लिव्हरपूलच्या मालाला तुमचं माप लावू नका.

सरकी
मी तेच सांगत होतो! ७८४ म्हणजे बरोबर ७ हंड्रेडवेट. २८ पौंडांचा मण, तसे २८ मण.

वऱ्हाडी_पाटी
मण २८ पौंडांचा? मण ४० शेरांचा, ३७ किलोच्या वर. आजोबांनी जन्मभर त्यावर धान्य घातलं.

सरकी
तो बंगाली मण, सरकारनेही तोच धरला होता. मुंबईचा वेगळा. गावागणिक मण बदलायचा, म्हणून तर १९५८ पासून किलो आणावा लागला.

लेस्टरची_सून
इथे वयस्कर माणसं अजून स्वतःचं वजन स्टोनमध्ये सांगतात. सासरे ११ स्टोन म्हणाले की मी मनात १४ ने गुणते. १५४ पौंड, म्हणजे ७० किलोच्या आसपास.

प्रसाद_सराफ
सोन्याचा औंस वेगळा असतो हे लक्षात ठेवा. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅम, साधा २८.३५. बरेच जण इथेच फसतात.

अनघा_ठाणे
वहीत सोनं नाही हो. गणोबा, खूप खूप आभार! काल रात्री अकरा पानं केली, सगळी जुळली. मधल्या खान्याच्या डोक्यावर बारीक ठिपके आहेत. मला शाईचे डाग वाटले होते. ते हातचे आहेत! जिथे दोन हातचे, तिथे दोन ठिपके. आता एकच राहिलं. काही ओळींपुढे 'टेअर' लिहून आकडा वजा केलाय.

गणोबा
ते बारदान. गोणपाट आणि पट्ट्यांचं वजन काढून निव्वळ रुई धरायची. त्या ओळींतही उसना २८ चाच घ्या.

वऱ्हाडी_पाटी
वहीबरोबर लोखंडी वजनं निघाली का? असतील तर फोटो टाका.