अमेरिकेतली राज्यं फोन-इंटरनेटवरचा ताबा कायदा करून का सोडतात? आपल्याकडे असं होऊ शकतं का?

सुनंदा_राजेंद्रनगर (इंदूर)
माझी मामेबहीण कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या पलीकडे डोंगरात राहते. घरात अजून तांब्याच्या तारेचा फोन आहे, कारण खोऱ्यात मोबाइलला रेंजच नाही. परवा सांगत होती, कंपन्यांना या जुन्या लाइनी नकोशा झाल्यात, आणि तिथल्या विधिमंडळाने तर मध्यंतरी कायदाच केला होता की इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनमध्ये राज्याच्या आयोगाने पडू नये. मला हे काही उमजेना. सरकार आपल्याच आयोगाला गप्प बस कसं सांगेल? आमचे हे म्हणतात, उद्या भोपाळवालेही करतील. आमच्याकडे फायबर आहे आणि दुपारभर सासूबाई एकट्या असतात, म्हणून विचारतेय. राजकारण नको, माहिती द्या.

मल्हारगंजी
अमेरिकेत सगळं खासगीच ना? तिथे कसला आयोग? बाजार बघून घेतो.

तारवाला
उलटं आहे, भिया. कंपनी पहिल्यापासून खासगी, म्हणूनच तिच्या डोक्यावर आयोग बसवावा लागला. आपल्याकडे खातंच सरकारी होतं, त्यामुळे ट्राय, म्हणजे दिल्लीतला दूरसंचार नियामक, यायला १९९७ उजाडलं.

सुनंदाताई, माझी हयात इंदूरच्या एक्स्चेंजांत गेली, आधी केबल जॉइंटिंग आणि मग टेस्ट डेस्क. तिकडचं कळतं ते जावयामुळे. तो याच धंद्यात आहे आणि आमचं दर रविवारी भांडण होतं.

तिथे १९३४च्या कायद्याने कामं वाटून दिली. राज्याबाहेर जाणारा कॉल वॉशिंग्टनच्या आयोगाचा, राज्यातल्या राज्यातला त्या राज्याच्या आयोगाचा. म्हणजे घरगुती फोनचे दर, तक्रारी, दुरुस्तीचे नियम हे सगळं राज्याकडे. पुढे मोबाइल आला, केबलवाले फोन द्यायला लागले, तेव्हा कंपन्या विधिमंडळांत गेल्या. आता स्पर्धा आहे, आमचेच हात का बांधता, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटंही नव्हतं, आणि कित्येक राज्यांनी ते मानलं. कॅलिफोर्नियात २०१२ साली एसबी ११६१ नावाचं विधेयक आलं. ॲलेक्स पडिला यांनी मांडलं, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली. आपत्कालीन ९११सारखे अपवाद ठेवले, बाकी इंटरनेटवरच्या फोनला आयोगाने हात लावायचा नाही.

जावई दरांवर बोलतो. मी म्हणतो, दर सोड. दर जिथे तिथे छापलेला असतो, महाग वाटला तर माणूस ओरडतो तरी. खरी वस्तू आहे बांधिलकी. त्या भागात कोणीही कनेक्शन मागितलं तर एका कंपनीला ते द्यावंच लागतं, डोंगर असो की शेवटचं घर असो. आणि दुसरी गोष्ट, बिघाड झाला तर का झाला हे विचारणारं कोणीतरी असतं. गिऱ्हाइकाला या दोन्ही गोष्टी गेलेल्या कळतच नाहीत. नंबर तोच, फोन तोच, फक्त आवाज आता इंटरनेटच्या पॅकेटमधून जातो, आणि कायद्याच्या लेखी तो फोन राहत नाही! मिनेसोटात हाच वाद कोर्टात गेला. चार्टर या केबल कंपनीने आपले ग्राहक इंटरनेट-फोनवर नेले, राज्याच्या आयोगाने आमचेच नियम लागू म्हटलं. २०१८मध्ये संघीय अपील कोर्टात आयोग हरला.

इलिनॉयमध्ये तर २०१७ला गव्हर्नरने नकार दिलेलं विधेयक विधिमंडळाने पुन्हा मंजूर केलं. वॉशिंग्टनची परवानगी मिळाली की एटी अँड टी या फोन कंपनीला तिथला जुना लँडलाइन बंद करण्याची वाट मोकळी.

तुमच्या बहिणीचं त्यातल्या त्यात बरं आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला मुदत होती. ती वाढवायचा प्रयत्न २०१९मध्ये फसला आणि २०२०च्या १ जानेवारीला कायदा संपला. त्याआधीच्याच शरदात तिथे वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने मोठमोठे भाग अंधारात ठेवले होते. आयोगाने पुढे काय केलं बघा: वणव्याचा धोका असलेल्या भागात कंपन्यांनी आपली यंत्रणा वीज गेल्यावरही ७२ तास चालू ठेवावी, मोबाइलच्या आणि मग तारेच्याही. आणि त्या शेवटच्या घरापर्यंतच्या बांधिलकीतून सुटका मागणारा एटी अँड टीचा अर्ज जून २०२४मध्ये फेटाळला. कंपन्यांनी अजून नाद सोडलेला नाही, ते वेगळं.

लष्करवाली_वकील (ग्वाल्हेर)
भोपाळचं मी सांगते. टेलिफोन हा राज्यघटनेच्या संघसूचीतला, म्हणजे फक्त केंद्राचा विषय, सातव्या अनुसूचीतली ३१वी नोंद. वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे आहे, म्हणून भोपाळला वीज नियामक आयोग बसतो. फोनसाठी तसा आयोग कोणत्याच राज्यात नाही. जो ताबा मुळात नाही तो सोडणार कसा? तुमच्या ह्यांना निश्चिंत राहायला सांगा. राज्याच्या वाट्याला खोदकाम आणि खांबांच्या परवानग्या येतात, त्याचेही नियम दिल्लीचेच.

पण सैल सोडणं दिल्लीतूनही होतं. मोबाइलचे दर आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून कंपन्याच ठरवतात, ट्रायला कळवलं की झालं. तक्रारीची वाट तर मध्ये बंदच पडल्यासारखी होती. २००९च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने टेलिग्राफ कायद्यातल्या, फोनचा वाद लवादाकडे न्या म्हणणाऱ्या कलमावर बोट ठेवलं आणि ग्राहक मंच हात वर करायला लागले. फेब्रुवारी २०२२ला कोर्टानेच सांगितलं की ग्राहक मंचात जाता येतं, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ती वाट ठेवली आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना अजून २००९चंच माहीत असतं. काहींच्या वकिलांनासुद्धा!

सुनंदा_राजेंद्रनगर
दोघांचे आभार. पण आमची लाइन बंद पडली तर पहिल्याच दिवशी मंचात थोडंच जाणार? कस्टमर केअरवाला नुसतं "हो मॅडम" म्हणतो.

लष्करवाली_वकील
डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, पैसे लागत नाहीत, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायला पत्र लिहू नका, ते एकेकट्याची तक्रार हाताळत नाहीत. तरी हाती काही लागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे तोच ग्राहक मंच. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

मल्हारगंजी
म्हणजे अमेरिकेत राज्यांनी हात झटकले आणि आपल्याकडे हातच नाहीत. मजा आहे.

तारवाला
सगळ्यांनी नाही झटकले. न्यूयॉर्कने २०२१ला कायदा केला, गरीब घरांना महिन्याला १५ डॉलरमध्ये इंटरनेट द्या. कंपन्या कोर्टात भांडल्या, हरल्या, जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. आणि लगेच एटी अँड टीने तिथे आपलं घरगुती वायरलेस इंटरनेट विकणंच थांबवलं. त्या रविवारी जावयाचा आवाज चढलेला होता. तुमच्या बाजारातही थोडं तथ्य आहे, मान्य.

सुनंदाताई, सासूबाईंचं मात्र कायद्यावर सोडू नका. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट जायचे, घरची वीज गेली तरी डायल टोन असायचा. फायबरवरून वीज येत नाही. फायबर जिथे येऊन जोडली जाते तो भिंतीवरचा डबा आणि राउटर, दोघांनाही बॅकअप लागतो. लोक फक्त राउटरला लावतात आणि मग मला फोन करतात. दोन्ही अडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते बघा, त्याप्रमाणे छोटा यूपीएस घ्या. आणि बहिणीला सांगा, कंपनीचा माणूस अपग्रेड करून देतो म्हणत आला, तर वीज गेल्यावर फोन किती तास चालेल ते त्याच्याकडून लेखी मागायचं.