मदत हवी आहे: हॉलच्या कोनाड्यात बोन्साय, पण कोणतं आणि किती दिवस?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात बाराव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटचं काम चालू आहे. हॉलच्या मुख्य भिंतीत टीव्हीऐवजी अडीच फूट रुंद, तीन फूट उंच कोनाडा ठेवलाय (टीव्ही आतल्या खोलीत गेला, त्यावरून झालेलं महाभारत वेगळं). भिंतीला गडद करडं मायक्रोकाँक्रीट, वरून एक दिवा आणि आत एकच बोन्साय. चित्र नको, मूर्ती नको.

इंटिरियरवाल्यांच्या थ्रीडी चित्रात तिथे जुनिपर आहे, कायमचं. ते थंड हवेतलं झाड, बारा महिने उघड्यावर राहणारं. बंद हॉलमध्ये टिकणार कसं? त्यात मेलेलं जुनिपर कित्येक आठवडे हिरवंच दिसतं म्हणे. यावर त्यांचं उत्तर, ‘मॅडम, मेलं तर बदलून देऊ.’ झाड आहे की कुशन कव्हर?

शिवाय मला जपानी पाइनची नक्कल नकोच आहे. आपल्या किल्ल्यांच्या तटातून वड, पिंपळ, उंबर काळा दगड मुठीत धरून बाहेर येतात ना, ते रूप त्या कोनाड्यात हवंय. जपानातही बोन्साय बाहेर फळीवर वाढतं आणि तोकोनोमात (जपानी घरातल्या सजावटीच्या कोनाड्यात) थोडा वेळच मांडतात, असं वाचलं. मग दोन-तीन झाडं बाल्कनीत ठेवून आळीपाळीने आत आणली तर? बाल्कनी पश्चिमेची आहे, दुपारी तापते, वारा भन्नाट. हॉलची खिडकी कोनाड्यापासून दहा फुटांवर. सासूबाईंचं म्हणणं, वास्तूत खुंटवलेलं झाड नको; त्यावरही कुणाकडे तोडगा असेल तर सांगा.

प्रतिसाद

आळीपाळीनेच ठेवा, दुसरा मार्ग नाही. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, खिडकीपासून दहा फुटांवर दोन-तीनशे लक्स मिळाला तरी खूप. डोळ्यांना हॉल उजळ वाटतो, झाड मात्र उपाशी राहतं. कोनाड्यातला दिवा पाहण्यासाठी, जगवण्यासाठी नव्हे. तीन-चार दिवस आत, मग दोन-तीन आठवडे बाहेर. आत असताना एसीचा झोत अंगावर नको.

झाड नांदरुकाचं घ्या, वडाच्याच कुळातलं. पान मुळात लहान, त्यामुळे फूटभर उंचीतही मोठ्या वृक्षाचा भास होतो. पिंपळाचं पान लहान करता करता दमछाक होते, उंबराचंही तेच. बाल्कनीत पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा. उथळ ट्रे पश्चिमेच्या उन्हात तापून मुळं भाजतात. झाड ट्रेच्या भोकांतून तार ओवून बांधा आणि ट्रे कठड्यावर अजिबात ठेवू नका, खाली माणसं चालतात. मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागेल, पण बोट खुपसून ओल बघूनच घाला. ट्रेत भरायला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं शेणखत. नुसती लाल माती घट्ट बसते.

दगडावरची मुळं मात्र हप्त्याने मिळत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर लांब मुळांचं रोप दगडावर पसरून घट्ट बांधायचं आणि दगडासकट खोल कुंडीत गाडायचं. मुळं जाड होतील तशी वरची माती उतरवत जायची. दोन-तीन वर्षं धरा.

वास्तूबद्दल माझा पास.

प्रतिसाद

झाडाचं वर आलंय, मी भिंतीबद्दल बोलतो. गडद करड्या भिंतीपुढे काळा दगड आणि गडद हिरवी पानं म्हणजे सगळं एकमेकांत बुडणार. जपानी पुष्पकलाकार मकोतो अझुमा यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातून एक पाइन बोन्साय फुग्याला बांधून स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात पाठवलं होतं, त्याचे फोटो बघा. मागे काळंभोर आकाश, पण झाडावर थेट ऊन, म्हणून फांदी न् फांदी सुटी दिसते. तुमच्याकडे तेवढं ऊन नाही, तेव्हा कोनाड्याची आतली बाजू तरी चुन्यासारखी फिकट करा. दिवा वरून पण थोडा पुढे, नाहीतर पानांची सावली नेमकी मुळांवर पडेल आणि जे दाखवायचं तेच झाकलं जाईल. झाड मधोमध ठेवू नका. ते ज्या बाजूला झुकतं तिकडे जास्त जागा सोडा. शेजारी बुद्धाचं मुंडकं ठेवलंत तर मी धाग्यावर परत येणार नाही.

जमलं तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन गाठा. तिथे बोन्सायही असतात. दगडावरची झाडं चारी बाजूंनी बघून मग खरेदी करा.

धागाकर्ती

दोघांचे आभार. आतली बाजू फिकट करायला सांगितलीय, जुनिपर रद्द. ‘पाहुणं म्हणून चार दिवस’ हे सासूबाईंना चाललं!

आता एकच शंका: तयार घेताना मुळांनी दगड खरोखर धरलाय की नुसता चिकटवलाय, हे कसं ओळखायचं? आणि हलवून बघितलं तर नर्सरीवाले चिडतात का?