मदत हवी आहे : आईची नागीण सुकली, पण वेदना थांबत नाहीत
नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. आईचे वय 71 आहे. सात आठवड्यांपूर्वी तिच्या उजव्या बरगडीखाली जळजळ सुरू झाली. अंगावर काहीच दिसत नसल्यामुळे पित्त समजून आम्ही दोन दिवस कोकम सरबतावर काढले. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत, एकाच बाजूला, पाणीदार फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी नागीण ओळखली, गेरूचा लेप सुचवला आणि नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळाले की माणूस वाचत नाही, असेही सांगून गेल्या. (त्या दिवसापासून आई रात्री उठून आरशात पट्टा तपासू लागली.)

त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी तो विषाणू शरीर सोडत नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निपचित पडून असतो आणि वयानुसार प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असल्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. हे ऐकल्यावर आई प्रथमच शांत झोपली. मात्र विषाणूरोधक गोळ्या फोड उठल्यापासून शक्यतो 72 तासांत सुरू करायच्या असतात आणि आमचा तो काळ गेरूत गेला, याची रुखरुख मला आहे.

खपल्या पडून तीन आठवडे झाले, तरी पदराचा स्पर्शही तिला सोसवत नाही. प्रीगाबालिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरील गोळीने ठणका कमी होतो, पण दिवसभर गुंगी राहते आणि न्हाणीघरात जाताना तोल जातो. आपल्या घरातील वृद्धांच्या बाबतीत यावर काय उपाय झाला?

दुसरे म्हणजे, वडील 74 वर्षांचे आहेत. पन्नाशीनंतरची, नागीण टाळण्यासाठीची शिंग्रिक्स लस 2023 पासून भारतात मिळते, तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात, एवढे समजले. ती कोणी घेतली आहे का?

प्रतिसाद : माझ्या सासूबाईंनाही अशीच गुंगी येत असे. डॉक्टरांनी मात्रा कमी करून ती रात्रीवर नेली आणि भरलेल्या त्वचेवर लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी लावायला दिली. गोळी आपणहून एकदम बंद करू नका. लस मी वाशीत घेतली; दंड दुखला आणि एक दिवस कणकण होती.

धागाकर्ता : आभारी आहे. सोमवारी डॉक्टरांना मात्रेविषयी विचारतो. तोवर न्हाणीघरापर्यंत आईला हात धरून नेत आहोत.